तीन बाण आणि एक कपाट

"कपाट सरकवणं म्हणजे काय? नुसती बेरीज!" बाणसरांनी चहाचा कप ठेवता ठेवता जाहीर केलं.

बाणसर शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. जोर आणि दिशा दाखवणारे बाण काढल्याशिवाय त्यांना घोटभर पाणीसुद्धा घशाखाली उतरत नसे, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. रंगाऱ्यांनी त्यांचं लोखंडी कपाट खोलीच्या मधोमध ओढलं, भिंती रंगवल्या आणि गेले ते गेलेच! आता लग्नमांडवातल्या रुसलेल्या मामासारखं ते मध्येच उभं होतं. ऑफिसला निघालेल्या बायकोने चपला घालता घालता निकाल दिला होता :

"मी येईपर्यंत हे कोपऱ्यात गेलं नाही, तर तुमचं टेबल भंगारात. दोन्हींना वळसे घालत मी नाही जगणार!"

टेबल! कॉलेजपासूनचं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी असलेलं टेबल! सरांनी तातडीने मेहुण्याला बोलावलं.

"दाजी, दोघं मिळून ढकलू की सरळ!"

"ढकलायला डोकं लागत नाही! मी खिडकीच्या भिंतीकडे ओढणार, तू आरशाच्या भिंतीकडे. दोघांच्या जोराची बेरीज तिरकी. कपाट थेट कोपऱ्यात!"

(इथे आकृती. फरशीवर खडूने दोन बाण, आणि दोघांमधून कोपऱ्याकडे जाणारा तिसरा, जरा जास्तच ऐटदार.)

कपाटाच्या बुडाशी दोर बांधले. "एक, दोन, ओढ!" कपाट एवढं किंचाळलं, की खालच्या मजल्यावरचे काका बनियनवरच वर आले. काका म्हणजे आडवा देह. सर आणि मेहुणा यांची बेरीजच!

"अहो, तो कोपरा माझ्या पलंगावर येतो! तिथलं प्लास्टर आधीच सुटलंय! माझ्या डोक्यावर कपाट पाडताय का?"

"काका, वजन तेवढंच आहे, फक्त जागा..."

"तुमची जागा, माझं डोकं!"

आणि काकांनी दोराचं लोंबतं टोक धरून उलट्या दिशेला अशी ओढ घेतली, की कपाट जागच्या जागी थिजलं.

सर ओढताहेत. मेहुणा ओढतोय. काका ओढताहेत. कपाट आपलं ढिम्म!

"दाजी, हात तुटले! हलत का नाही?"

सरांच्या घामेजल्या चेहऱ्यावर एकदम आनंद पसरला. "अरे, नाहीच हलणार! माझ्या बाणाच्या टोकाला तुझा जोड, तुझ्या टोकाला काकांचा. आलो ना परत सुरुवातीला? बेरीज शून्य! तिघांपैकी एकाने जरी सोडलं ना, तर कपाट बरोब्बर त्याच्या उलट दिशेला जाईल!"

"मग सोडू नका कुणी!" काका ओरडले.

"छे, छे! सोडतोय कोण? थांबा, काढूनच दाखवतो."

आणि सरांनी खडू घ्यायला दोर सोडला.

(इथे आकृती राहिली. वेळच मिळाला नाही.)

सर खिडकीकडे ओढत होते. खिडकीच्या बरोब्बर समोरच्या भिंतीला टेबल होतं. कपाट सूं करून निघालं, मेहुणा नि काका एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि 'कडाड्' झालं. पुठ्ठ्याची घडी तेवढी सुटी होऊन सरांच्या पायाशी आली.

दारात ऑफिसहून परतलेली बायको उभी होती. पर्स अजून खांद्यालाच.

"अगं, गणित अचूक आलं!" सर कसंबसं म्हणाले. "दिशासुद्धा तंतोतंत!"

बायकोने कपाटाच्या मागे वाकून पाहिलं. "आणि टेबल?"

"ते... आकृतीत धरलंच नव्हतं गं."

मग कपाटाकडे, रिकाम्या झालेल्या खोलीकडे तिने नीट निरखून पाहिलं.

"इथेच राहू दे," ती म्हणाली. "चांगलं दिसतंय. आणि फरशी पुसून घ्या तेवढी. बाण राहिलेत."