गंधे सरांचं कॅल्शियम

तुम्ही हात वर करून कुणाला हाक मारलीत आणि शेजारी गंधे सर असले, तर तुमची हाक अर्धवट राहिलीच म्हणून समजा. ते तुमच्या दंडाकडे बोट दाखवून विचारणार, "आत्ता इथं काय सुटलं?"

उत्तर कॅल्शियम. सरांकडे सगळ्याचं उत्तर तेच.

जव्हारच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते, सर जीवशास्त्र. त्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून, त्यामुळे सुटका नाही. गावाला कॅल्शियम म्हटलं की दूध आणि गुडघे आठवतात. कुणी भर बाजारात गुडघा दाखवला की सर भडकतात. "हाडांचं सोडा हो! हाडांत ते नुसतं पडून असतं. खरी गंमत पेशीत!"

मग भाषण. पेशीच्या आत पडद्यांच्या कोठड्या असतात, त्यांत कॅल्शियम पकडून ठेवणारी प्रथिनं. सर त्यांना लाडानं 'धरणारे' म्हणतात. कॅल्शियम वेळेवर सुटलं की स्नायू आकसतो, परत कोठडीत गेलं की सैल पडतो. "आणि भलत्या वेळी सुटलं, तर लग्नाच्या मांडवात बैल!"

प्राचार्यांच्या निरोप समारंभात सरांनी त्यांना 'आमच्या कॉलेजचे धरणारे' म्हटलं. तो गौरव होता की टोमणा, हे प्राचार्यांना अजून कळलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात जयश्री मैदानात धावताना कोसळली. पोशेरा गावची मुलगी, इथं वसतिगृहात राहून बारावी करणारी, पोलीस भरतीसाठी रोज धावणारी. थोड्या वेळानं उठून बसली. "उपाशी असेल," आम्ही म्हणालो. मी साखरपाणी आणलं. सर मात्र पांढरेफटक पडले होते.

"याआधी असं झालंय?"

"झालंय, सर. धावतानाच."

दवाखान्यात हृदयाचा आलेख चांगला आला. सर डॉक्टरांना म्हणाले, "असं झोपवून काढलेल्या आलेखात नाही दिसायचं, डॉक्टर. धावताना बघायला हवं." डॉक्टरांनाही पटलं, त्यांनी नाशिकला चिठ्ठी दिली.

जयश्रीचे वडील घाबरून आले होते. "पोर घरी तं बरी असते, सर. पानी भरते, लावणीला वाकते."

"मी येतो सोबत," सर म्हणाले, आणि तिघं एसटीनं नाशिकला गेले.

तिथं फिरत्या पट्ट्यावर चालवल्यावर आलेख बिघडला. पुढच्या तपासणीत हृदयाच्या धरणाऱ्यांतलाच जन्माचा दोष निघाला. रोज गोळी घ्यायची आणि धावणं बंद. म्हणजे भरतीही बंद.

जयश्री सरांशी बोलेना. वर्गात खिडकीकडे तोंड करून बसायची. सर जाता-येता विचारत, "गोळी घेतलीस?" ती मान हलवायची, तीही नाइलाजानं.

एका संध्याकाळी ओट्यावर मी म्हटलं, "तुम्ही तिचं भलं केलंत, आणि ती बघतसुद्धा नाही तुमच्याकडे. समजावू का मी?"

सर रस्त्याकडे बघत होते.

"आमची हेमा," ते म्हणाले, "माझी धाकटी बहीण. शाळेच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होती. मी कडेला उभा राहून ओरडत होतो, धाव, धाव. पडली ती उठलीच नाही. सगळे म्हणाले, ऊन लागलं. मीही तेच मानत आलो, हे सगळं वाचेपर्यंत."

तेवढ्यात जयश्री मैत्रिणींबरोबर रस्त्यानं चालली होती. आम्हाला बघून तिनं मुद्दाम मान फिरवली.

"काही समजावू नका," सर ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. "रागवू दे. रागवायला आहे ती."