बुचांची भरती-ओहोटी

"बाजारालाही भरती-ओहोटी असते! फक्त बघणारा डोळा हवा!" मास्तरांनी चहाचा कप दणकन खाली ठेवत जाहीर केलं.

डोळा अर्थातच मास्तरांचा. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि निवृत्तीनंतर हा डोळा एका शेअरवर खिळला. बाटल्यांची बुचं करणारी चिमुकली कंपनी. तिच्याकडे एरवी कुणी ढुंकूनही बघत नसे. पण सकाळी पेपर आला की तिचा भाव गडगडे आणि दुपारच्या चहाला पुन्हा टुणकन वर येई. रोज! मास्तर भाव पडला की घेत, चढला की विकत. आलेला नफा नातीच्या दुर्बिणीसाठी बाजूला पडे. तिला शनीची कडी बघायची होती.

नातीचं घरातलं नाव चौकशीबाई. ते का, हे सांगायला नको.

"आजोबा, सकाळी तुम्ही घेता, तर विकतं कोण?"

"बाजार!"

"बाजार म्हणजे कोण?"

"अगं, असंख्य माणसं."

"असंख्य माणसांना रोज एकाच वेळी एकच गोष्ट कशी सुचते?"

"पुढच्या वर्गात गेलीस की कळेल," मास्तर म्हणाले. वर्गात हे उत्तर देणाऱ्या शिक्षकांवर ते स्वतः फार चिडत असत.

दुर्बीण अगदी हाताशी आली होती, जरासाच नफा कमी पडत होता. मास्तरांना दम निघेना. एके सकाळी भाव पडताच त्यांनी दुर्बिणीचे सगळे पैसे बुचांत घातले. वर बायकोने फ्रिजसाठी ठेवायला दिलेलेही घातले. दुपारपर्यंतचाच तर प्रश्न!

आणि नेमके त्याच दिवशी व्याही जेवायला आले. सुनेचे वडील, नात त्यांना नाना म्हणे. माणूस सज्जन, पण काळजाने ससा. त्या दिवशी त्यांचा चेहरा तर पिळलेल्या फडक्यासारखा!

"काय झालं, व्याहीबुवा?"

"काय सांगू! एक शेअर घेऊन बसलोय. सकाळी पेपर वाचला की घाबरगुंडी उडते, मिळेल त्या भावाला विकून टाकतो. दुपारी झोप झाली की वाटतं, छे, उगाच विकला! मग चढ्या भावाने परत घेतो. रोज हेच!"

मास्तरांचा घास हातातच राहिला. "शेअर... कसला?"

"बुचांचा हो! पण आज कानाला खडा. सकाळी विकला तो शेवटचा. आता पुन्हा घेणे नाही!"

मास्तरांना ठसका लागला. असा लागला की बायको पाणी घेऊन धावली.

जेवणं होताच मास्तरांनी पाहुण्यांचा दंड धरला. "व्याहीबुवा, जरा पडा."

"छे, छे, निघतो आता."

"निघता कसले! एक डुलकी काढाच!" मास्तरांनी सोफ्यावर उशी ठेवली, पडदे ओढले, पंखा वाढवला. स्वतःची शालही आणली.

"अहो, माझ्या भावाला कधी साधी चटई दिली नाहीत तुम्ही!" बायको थक्क झाली.

"शू!"

व्याही घोरू लागले. मास्तर शेजारी खुर्ची टाकून, मोबाइल धरून बसले. भाव तळाला. नात चवड्यांवर चालत आली. तिने मोबाइल बघितला, नानांना बघितलं, पुन्हा मोबाइल बघितला.

"आजोबा," ती कुजबुजली, "असंख्य माणसं सोफ्यावर झोपलीत!"

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं.

तेवढ्यात व्याही जागे झाले. आळोखेपिळोखे दिले, छताकडे बघितलं. "काय हो मास्तर, उगाच विकला का मी?" आणि हात मोबाइलकडे गेला! मास्तर खुर्चीच्या कडेला सरकले. भरती येत होती!

"नाना, कशासाठी जमवता पैसे?" चौकशीबाईंनी विचारलं.

"तुझ्या सायकलसाठी, बाळ. पण रोज थोडे कमीच होतात. जातात कुठे, देव जाणे!"

नातीने बोटांवर काहीतरी जुळवलं. "म्हणजे नानांची सायकल वितळवून आजोबांची दुर्बीण होतेय? आणि दोन्ही माझ्याच?"

व्याह्यांचं बोट मोबाइलवर टेकणार, इतक्यात मास्तरांनी त्यांचा हात घट्ट धरला.

"नका घेऊ, व्याहीबुवा. विकणारा मीच आहे."

मग सगळं सांगावं लागलं. व्याही आधी आ वासून बघत राहिले, मग पोट धरून हसत सुटले. दुपारचा चहा झाला. बुचं तळालाच पडून होती. त्यांना वर काढणारा एकुलता एक माणूस खारी बुडवून खात होता.

"आणि माझा फ्रिज?" बायकोने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"अगं, कंपनी तशी चांगली आहे..."

"मग तिला म्हणावं, एक मोठं बूच पाठव. आपल्या फ्रिजचं दार नीट लागत नाही!"

चौकशीबाईंचा मात्र एक प्रश्न उरलाच होता.

"आजोबा, नानांनी तर सगळं विकलं. मग उद्या पेपर आल्यावर घाबरायचं कोणी?"

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं आणि शेवटच्या बाकावरच्या पोरासारखा हळूच हात वर केला.