बिनचावीची गाडी आणि तिचे तीन रामराम

माणूस किती पुढे गेला, हे त्याने कोणकोणती कामं सोडून दिली यावरून ठरतं. आधी त्याने चालणं सोडलं, मग पाढे, आणि अलीकडे गाडीची चावी फिरवणं. मनगटाचा हा पाव वळसा वाचवायला जगभरचे अभियंते झटले. त्यांच्या कष्टांचं फळ गेल्या एप्रिलात सक्करदऱ्याला, आमच्या शेजारी, शालिकरामजींच्या पोर्चमध्ये येऊन उभं राहिलं.

चावी खिशात ठेवायची आणि बटण दाबायचं, एवढंच. इंजिन इतकं शांत, की चालू आहे की बंद ते कळू नये. शोरूमवाल्याने हे फार अभिमानाने सांगितलं. (न कळणं हीदेखील विकत मिळणारी सोय आहे, हे मला या वयात समजलं.)

गाडीचा रंग उन्हाने उडू नये म्हणून शालिकरामजींनी पोर्चला शटर बसवलं. कुलर आधीपासून पोर्चमध्येच होता, त्याचं तोंड खिडकीतून हॉलमध्ये. आता गाडी पोर्चमध्ये धूर सोडणार, कुलर तो ओलाव्यासकट हॉलमध्ये नेणार आणि शटर बाहेरच्या हवेला ढवळाढवळ करू देणार नाही. तीन वेगवेगळ्या दुकानांतल्या वस्तूंनी इतक्या एकदिलाने काम केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पहिल्याच दिवशी शालिकरामजी भाजी घेऊन आले, गाडी लावली आणि चावी खिशात घेऊन उतरले. गाडी तीनदा बीप करून बोलली.

"पाह्य वं," ते बायकोला म्हणाले, "उतरलो का रामराम करते. आपले पोट्टे तरी करते का?"

"मंग तुमीबी करा," प्रेमिलाताई म्हणाल्या. "नाही त म्हणन, बुढ्ढ्याले रीत नाही."

तेव्हापासून ते गाडीला उलट रामराम करून घरात येत.

संध्याकाळी निघताना मात्र एक अडचण यायची. बटण दाबलं की गाडी बंद पडायची, पुन्हा दाबलं की सुरू व्हायची. यावरून त्यांनी असा सिद्धान्त मांडला, की गाडी भारी असली की बटण दोनदा दाबावं लागतं. पेट्रोल फार जातं, यावर त्यांचं म्हणणं असं, की भारी गाडी खातेही भारीच.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात घरातल्या दोघा मोठ्यांची आकडेवारी अशी होती: डोकेदुखी शंभर टक्के, मळमळ शंभर टक्के, शेजाऱ्यांनी केलेलं 'ऊन लागलं' हे निदान तीनशे टक्के. (काहींनी येता-जाता अनेकदा केलं.) कैरीचं पन्हं झालं, कपाळावर कांदा झाला, खिशातही कांदा झाला. (चावीशेजारी.) गुरुवारी दोघं रामटेकला जाऊन आले आणि दिवसभर डोकं दुखलं नाही. गडावर हवा मोकळी असते, हा मुद्दा कोणी काढला नाही. घरी आल्यावर पुन्हा दुखू लागलं तेव्हा दर्शन कमी पडलं असं ठरलं.

त्यांची नात अबोली, वय नऊ, सुट्टीत दिवसभर आमच्या अंगणात मी घेतो त्या मुलांच्या वर्गाला असायची. म्हणून तिचं डोकं शाबूत होतं. शुक्रवारी मी मुलांना गृहपाठ दिला: कागदाची पट्टी हातात धरा आणि घरात हवा कुठून कुठे जाते ते शोधा.

अबोलीने घरी जाऊन सायकल ठेवायला शटर वर केलं. पट्टी कुलरच्या जाळीकडे ओढली गेली. अपेक्षित. मग ती गाडीच्या मागच्या नळीपाशी फडफडली. हे अपेक्षित नव्हतं.

"आबा, तुमची गाडी चालू आहे."

"बंद आहे वं," हॉलमधून क्षीण आवाज आला. "चाबी माह्या खिशात आहे."

"मंग हे काहून फडफडून राहिलं?"

आजी हाक मारूनही उठेना.

अबोली धावत माझ्याकडे आली. शालिकरामजी भिंत धरत बाहेर आले. प्रेमिलाताईंना मी आणि अबोलीने चादरीसकट ओढून अंगणात आणलं. जाताजाता मी बटण दाबलं, एकदाच. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात माणसाला जीव वाचवायला आणून ठेवल्याची नोंद आमच्या मोहल्ल्यात प्रथमच झाली. दवाखान्यात दोन दिवस प्राणवायू लावला. आणखी अर्धा तास गेला असता तर पन्ह्याची गरज उरली नसती, असं डॉक्टर म्हणाले. (त्यांनी हे इंग्रजीत आणि अधिक सभ्यपणे सांगितलं.)

पुढचा वर्ग मी कार्बन मोनॉक्साइडवर घेतला. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जी खुर्ची असते तिच्यावर तो येऊन बसतो आणि लवकर उठत नाही. (मुलांना हे चटकन समजलं. मोठ्यांनी खुर्चीवरून उठणारे फारसे पाहिलेले नसतात.)

"गुरुजी," अबोलीने विचारलं, "चाबी गाडीतून गेली हे गाडीले कळते, म्हणून त ती बीप करते. मंग ती बंद काहून नाही होत?"

मी प्रश्न जसाच्या तसा, रामरामाच्या हकिकतीसह, कंपनीला पाठवला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं:

१. वाहनाने तीन वेळा बीप केल्याने कंपनीचे कर्तव्य त्याच ठिकाणी पूर्ण झाले आहे.
२. बीपला रामराम म्हटल्याने ग्राहकाने सूचना स्वीकारली, असे समजण्यात येते.
३. आपोआप बंद होण्याची सोय सर्वांत वरच्या मॉडेलमध्ये, छताच्या काचेसह, उपलब्ध आहे. जीव वेगळा विकला जात नाही.
४. या कारणाने दगावलेल्या एकाही ग्राहकाची तक्रार आजवर आलेली नाही. (अर्जावर ग्राहकाची स्वतःची सही लागते.)

प्रेमिलाताईंनी पत्र दोनदा वाचलं आणि नवऱ्याला निक्षून सांगितलं, "मले तुमी पाह्यजे. गाडी नको."

शालिकरामजींनी गाडी शोरूमला परत केली. शोरूमने ती धुऊन, लिंबूमिरची बदलून पुन्हा विकायला काढली: 'निवृत्त गृहस्थाची, जपून वापरलेली, अतिशय शांत.' तिसऱ्या दिवशी गेली. घेणाऱ्याने रंग पाहिला, मायलेज विचारलं, गाडीसोबत पेढे घेऊन फोटो काढला. बाकी काही विचारलं नाही. शोरूमवाले त्याचं नाव सांगत नाहीत, ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणं हे त्यांचं कर्तव्य आहे.

गाडी पांढरी आहे. ही गोष्ट वाचताना तुम्ही मघाशी हसत होता, ते मला आवडलं. मध्येच थांबून कपाळ दाबलंत, ते मात्र बहुतेक उन्हामुळेच असेल.