वहिनीसाहेबांनी चाके सरळ केली त्याची हकीकत

सुज्ञ वाचणार, त्यांसी विदित व्हावे. पृथ्वीवर राज्ये आली, राज्ये गेली, आणि त्यांचे लढे लिहोन ठेवणारेही नामांकित होऊन गेले. परंतु एक जुनी निळी गाडी नाकासमोर चालावी म्हणोन घरचे अंगणात जी मोहीम जाहली, तीस कोणी शाई खर्चिली नाही. यास्तव ज्यांनी डोळां पाहिले त्यांचे तोंडून ऐकोन, पदरचे तिखटमीठ न लाविता, जैसे जाहले तैसे लिहिले असे.

थोरले दादासाहेब हे गाडीचे मूळ धनी. देहाने भारदस्त, स्वभावाने थंड, एक कोपर खिडकीवर टाकून स्वारी करीत, आणि त्यांच्या पत्नी वहिनीसाहेब शेजारील आसनावर मांडीशी पिशवी धरून बसत, आणि मागचा दरवाजा उचलोन लाविल्याखेरीज लागत नसे तो दरमजलीस उतरोन लावीत. गेल्या साली दादासाहेब वारले. मग गाडीची किल्ली वहिनीसाहेबांनी जातीने हाती घेतली. त्या चणीने लहान, चरितार्थ शिवणकामाचा, सारी हयात लोकांची मापे घेण्यात गेलेली. उजवे बाजूचे चालकाचे आसन पुढे ओढोन, पाठीशी उशी देवोन, त्या शिवलेले कपडे गिऱ्हाइकांस पोचवू लागल्या, आणि धाकट्या बहिणीचा गुडघा कामातून गेला होता, तीस व्यायामास नेऊ आणू लागल्या. एकदा वळणावर कोणासही न विचारता डावीकडे जावयाचे ते उजवीकडे गेल्या आणि तळ्याकाठी बसोन आल्या. ऐसे स्वातंत्र्य त्यांनी पूर्वी कधी भोगिले नव्हते, आणि ते त्यांस मानवले.

तशात पेठेतील एका खड्ड्याने दगा केला. दणका ऐसा बसला की डबीतील टाचण्या तमाम आसनाखाली पांगल्या, आणि ते दिवसापासोन गाडीस डावे अंगाची ओढ लागली. हात किंचित ढिला पडला की गाडी फुटपाथाची वाट धरी. फळवाल्याने आपला गाडा मागे हटविला. न्हाव्याने दुकानापुढील बाक आत घेतला.

ही खबर चिरंजीवांस लागली. चिरंजीव विम्याचे कचेरीत मोठे अंमलदार. दिवसभर मोडक्या गाड्यांच्या तसबिरी पाहोन त्यांचे मन कायमचे धास्तावलेले. त्यांनी जेवणाचे टेबलावर फर्मान काढिले, ते ऐसे: येत्या रविवारपावेतो गाडी सरळ चालेल तर नांदेल, न चालेल तर भंगारवाल्याचे हवाली व्हावी आणि किल्ली आमचे स्वाधीन व्हावी, पुढे आईसाहेबांस जेथे जाणे पडेल तेथे आम्ही सोडू, आमचे सवडीने.

बाकी फर्मान वहिनीसाहेबांनी शांतपणे ऐकिले. ‘सवडीने’ या शब्दासरसा हातातील डाव खाली ठेविला.

“तुझ्या सवडीची वाट बघत तुझ्या वडिलांनी कधी चहासुद्धा थांबवला नाही,” म्हणाल्या. “मी माझं आयुष्य थांबवू?”

“आई, मी काळजीने बोलतोय.”

“तेच म्हणते. काळजी कर, पण लांबून.”

आणि दुसरे दिवशी स्वारी शहरातील बड्या गॅरेजावर चालोन गेली. तेथे चाके तपासण्याचे यंत्र होते, त्यास चारही अंगी दिवे, आणि पडद्यावर रंगीत रेघा. कारागीर तरुण, अदबीचा. त्याने पडद्यावर बोटे फिरविली आणि मान हलविली.

“आजी, ही गाडी आमच्या मशीनमध्ये नाहीच. फार जुनी आहे.”

“मशीनमध्ये नाही, पण दारात उभी आहे ना?”

“मशीनला दार दिसत नाही, आजी.”

येणेप्रमाणे शहराकडील कुमक तुटली. मग वहिनीसाहेबांनी समोरचे घरी निरोप धाडिला. तेथे भावजी राहात. हे दादासाहेबांचे धाकटे बंधू, तैसेच भरल्या अंगाचे, शाळेत लाकूडकाम शिकवोन निवृत्त जाहलेले, आणि निवृत्तीपासोन कोणी काही मोडेल या आशेवर गॅलरीत बसलेले. ते हत्यारांची पेटी घेवोनच आले. स्वयंपाकघरात मसलत जाहली.

“मशीन म्हणजे काय, वहिनी? दोन दोऱ्या आणि एक टेप. बाकी नुसती रोषणाई.”

“मग तुम्ही आजवर का नाही केलंत?”

“कोणी विचारलंच नाही,” भावजी म्हणाले, आणि हे वाक्य ऐसे पडेल आवाजात निघाले की वहिनीसाहेबांनी चहात साखर वाढविली.

आता सरंजामाची तपशीलवार हकीकत. प्रथम रणभूमी पाहिली. अंगण मोरीचे अंगास उतरते, तेव्हा पारदर्शक नळीत पाणी भरोन चारही चाकांचे ठिकाणची पातळी पाहिली, आणि जेथे उणे तेथे जमिनीवर अंथरावयाच्या जुन्या लिनोलियमचे तुकडे रचोन जमीन एका पातळीत आणिली. मग रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरोन त्यांत काठ्या रोविल्या, आणि गाडीचे दोही अंगांनी, चाकांचे मध्याचे उंचीस, पुढोन मागेपर्यंत दोरे ताणिले. दोरा वहिनीसाहेबांचे खजिन्यातील, गाद्या शिवण्याचा, मेणवलेला, न लांबणारा. हे दोरे गाडीशी समांतर, म्हणजे हीच गाडीची सरळ दिशा; चाकाची पुढली कड दोऱ्यापासोन किती आणि मागली कड किती, हे पाहिले की चाक कोणीकडे तोंड करोन उभे आहे हे कळे. पडताळ्यास दुसरे हत्यार: जुन्या कपाटाच्या दोन फळ्या तासोन, टोकांशी खाचा पाडोन, पुढील दोन चाकांस बाहेरोन टेकविल्या, आणि त्या खाचांतोन टेप ताणोन पुढले अंतर आणि मागले अंतर मोजावे. चाकांस जागचे जागी फिरता यावे म्हणोन खाली फरशीचे तुकडे, दोहोंमध्ये ग्रीस. पैकी पहिली जोडी गाडीचे भारासरशी तडकोन कामी आली. मग तिचे जागी पत्र्याचे चौकोन नेमिले, ते टिकले. स्टिअरिंग सरळ धरोन परकराचे नाडीने बांधिले.

इतकियात चिरंजीव कचेरीतोन आले. कानाशी फोन, नजर आभाळी. डावे अंगाचा दोरा त्यांचे पोटऱ्यांत गुंतला आणि दोन डबे, काठ्या आणि खासे चिरंजीव एकाच वेळी जमिनीवर आले.

“हे काय चाललंय? काका, तुम्हीसुद्धा?”

“तू मोजमापावर पडलायस,” भावजी म्हणाले. “ऊठ सावकाश. उजवीकडचा दोरा शाबूत आहे.”

ते दिवशी दोऱ्याची डावी आघाडी फुटली ती पुन्हा उभी करण्यात सायंकाळ जाहली.

मग वजनाचा प्रश्न निघाला. भावजींचे म्हणणे पडले की गाडीत चालक बसल्याखेरीज घेतलेले माप खोटे, कारण भाराने गाडी बसते आणि चाकांचा रोख बदलतो. परंतु टेपचे एक टोक भावजींकडे, दुसरे वहिनीसाहेबांकडे, बसणार कोण? तेव्हा वाळूची पोती आसनावर ठेवण्याचे ठरले.

“किती वजनाची?” भावजींनी पुसले. मग आपणच म्हणाले, “दादाएवढी. गाडी दादाची.”

दादासाहेबांचे वजन डॉक्टरांसही पुरते ठाऊक नव्हते, कारण ते काट्यावर चढताना कठड्यास धरीत. वहिनीसाहेबांनी आकडा क्षणही न थांबता सांगितला. मग न्हाणीघरातील काटा आणोन पोती भरिली, तोलिली, आसनावर चढविली, आणि घसरू नयेत म्हणोन वहिनीसाहेबांनी त्यांस पट्टा लाविला. पट्टा ओढोन पुरविला तो जुने खुणेवर बरोबर बसला. माप घेणे सुरू जाहले.

डाव्या चाकाचे तोंड बाहेर वळले होते. ते आत वळवावयाचे तर चाकाशी जोडिलेल्या दांड्याची लांबी बदलावी लागे. त्यास टाय रॉड म्हणतात. आणि तो ज्या नटाने जखडिला होता, तो नट म्हणजे या मोहिमेतील दुर्घट किल्ला. गंजाने त्याचा तट आणि बुरूज एक जाहले होते. गाडी जॅकवर चढवोन, खाली भक्कम लाकडी ठोकळे देवोन, भावजी पाठीवर आत शिरले. पान्हा लाविला, नट ढिम्म. तेल पाजिले आणि रात्रभर भिजत ठेविला, नट ढिम्म. पान्ह्यास नळाचा पाइप जोडोन जोर केला. नट जागचे जागी आणि भावजी मात्र फरशीवर गोल फिरले.

“भावजी, कोणत्या बाजूला फिरवताय?”

“सुटतो त्याच बाजूला.”

“माझ्याकडून बघितलं तर आवळताय.”

गाडीखाली पान्हा काढोन पुन्हा लाविल्याचा आवाज आला. मग दिशा बदलिली आणि एक कर्कश आवाज होऊन नट सुटला, तो भावजींनी बाहेर येवोन ऐसा दाखविला की जणू सुरुवातीपासोन हाच डाव होता. दांडा थोडका फिरवावा, गाडी पत्र्यावर उतरवावी, पुढेमागे हलवोन बसवावी, मोजावे, पुन्हा चढवावी, ऐसे करिता करिता दोन्ही चाके दोऱ्यांशी एकरोख जाहली. फळ्यांनीही तीच साक्ष दिली. वहिनीसाहेबांनी पदराने टेप पुसली.

रविवारी गोदामांमागील मोकळ्या रस्त्यावर परीक्षा ठरली. पोती अंगणातच उतरवोन भिंतीशी टेकविली, तेथे पोचोन वहिनीसाहेब आरूढ जाहल्या, चिरंजीव आणि भावजी कडेस उभे राहिले. गाडी निघाली, वेगास आली, वहिनीसाहेबांनी बोटे किंचित उचलिली, आणि गाडी, पूर्वीइतकी नव्हे परंतु डोळ्यांस दिसेल ऐसी, डावीकडे कलली.

भावजींचे तोंड उतरले. “मला द्या बरं,” म्हणोन ते आसन मागे सारोन जातीने बसले. तो गाडी पांढऱ्या रेघेवरोन सुईत दोरा ओवल्यासारखी गेली आणि तैसीच परत आली. पुन्हा वहिनीसाहेब, पुन्हा डावीकडे. पुन्हा भावजी, सरळ.

मग चिरंजीवांनी निकाल दिला, आणि तो फर्मानाचे भाषेत नव्हता, हळू आवाजात होता.

“आई, गाडीत दोष नाहीये. गाडी ठीक झालीये.”

पुढचे वाक्य त्यांनी उच्चारिले नाही. न उच्चारिताच ते रस्ताभर ऐकू आले. भावजी दुसरीकडे पाहू लागले. खड्ड्याचा घाव वहिनीसाहेबांनी सोसला होता, हा सोसवेना. घरी येईपावेतो गाडी भावजींनी चालविली. वहिनीसाहेब शेजारील आसनावर मांडीशी पिशवी धरोन बसल्या होत्या, आणि अंगणात पोचताच उतरोन, कोणी न सांगता, त्यांनी मागचा दरवाजा उचलोन लाविला. किल्ली मागितली नव्हती तरी चिरंजीवांचा हात पुढे जाहला होता. भावजींनी परत दिलेली ती किल्ली वहिनीसाहेबांनी पिशवीतोन काढिलीही.

तो भिंतीशी टेकविलेली पोती त्यांचे दृष्टीस पडली. पट्ट्याचा वळ पोत्यांवर आडवा तैसाच होता. वहिनीसाहेब थबकल्या. हयातभर मापे घेतलेली नजर ती.

“भावजी, माप घेतलं तेव्हा गाडीत कोण बसलं होतं?”

“कोणी नाही. पोती होती.”

“पोती नव्हती. तुमचे दादा होते.”

भावजींनी पोत्यांकडे पाहिले, वहिनींकडे पाहिले, आपल्या पोटाकडे पाहिले.

“गाडी तुम्हाला सरळ जाते, कारण तुम्ही त्यांच्याएवढे आहात,” वहिनीसाहेब म्हणाल्या. “माणूस गेला, आणि आपण अजून त्याच्याच मापाचं शिवतोय. मला ते कसं बसेल?”

भावजी हत्यारांची पेटी उघडोन पान्हा शोधू लागले.

मग वहिनीसाहेबांनी किल्ली परत पिशवीत टाकिली आणि हुकूम सोडिले. पोत्यांतील वाळू बागेत रिती व्हावी. आपण आसनावर बसू, उशीसकट. दोरे पुन्हा ताणावे. आणि टेपचे दुसरे टोक धरावयास माणूस कमी पडतो, तो घरात आहे.

“मी?” चिरंजीव म्हणाले. “आई, हा शर्ट ऑफिसचा आहे.”

“मीच शिवलाय. मळला तर दुसरा शिवीन. आडवा हो.”

विम्याचे मोठे अंमलदार फरशीवर आडवे जाहले. टेप खाचेत धरोन त्यांनी आकडा वाचिला, आणि तो आधीच्या आकड्याहून निराळा निघाला. त्यांनी पुन्हा वाचिला. “काका, खरंच फरक आहे,” ऐसे ते गाडीखालोन म्हणाले, आणि त्यानंतर त्यांस कोणी काही सांगावे लागले नाही. पुढली अंतरे, मागली अंतरे, दोरा, फळी, ते आपणच मागोन मागोन मोजू लागले, आणि भावजी त्याबरहुकूम दांडा फिरवू लागले. वहिनीसाहेब वर बसोन, हात मांडीवर ठेवोन, समोर पाहात होत्या. हलू नका म्हणोन भावजींची ताकीद होती. त्या हलल्या नाहीत. इतके दिवस त्या दुसऱ्यांस म्हणत आल्या होत्या, सरळ उभे राहा, श्वास रोखू नका. आज माप त्यांचे चालले होते.

पुन्हा गोदामांमागील रस्ता. गाडीत एकट्या वहिनीसाहेब. चिरंजीव दूरचे टोकास पांढऱ्या रेघेवर खासे उभे राहिले, आणि हे त्यांस कोणी सुचविले नव्हते. गाडी निघाली. अर्धे अंतर आल्यावर वहिनीसाहेबांनी दोन्ही हात स्टिअरिंगावरोन उचलोन काचेतोन दिसतील ऐसे धरिले. गाडी रेघ न सोडता चिरंजीवांचे रोखे येत राहिली, येत राहिली, आणि चिरंजीव न हटता उभे राहिले, आणि हात पुन्हा खाली येवोन ब्रेक लागला, तेव्हा आईच्या नि लेकाच्या मध्ये केवळ गाडीचे नाक होते.

“हात खाली ठेव गं!” चिरंजीव ओरडले. ही त्यांची शरणागती होय.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पूर्वीचे फर्मान रद्द होऊन गाडी आणि किल्ली वहिनीसाहेबांकडे निरंतर राहिली, आणि चिरंजीवांची सवड चिरंजीवांकडे. भावजींस या मोहिमेचे सेनापतिपद आणि पहिल्या स्वारीत सोबत चालण्याचा मान देण्यात आला. ते ऐटीत पुढचे दार उघडू लागले, तो वहिनीसाहेबांनी अडविले.

“शेजारी नको, भावजी. तुमच्या भाराने गाडी पुन्हा डावीकडे जाईल. मागे बसा.”

“मागे? मी? पाठ माझी सोलली त्या फरशीवर!”

“म्हणूनच मान तुमचा. मागे बसा, आणि अगदी मधोमध.”

सेनापती मागील आसनाचे मध्यभागी, दोन्ही गुडघे हनुवटीशी घेवोन, कोणत्याही खिडकीस हात न पोचेल ऐसे विराजमान जाहले, आणि स्वारी गावाबाहेर तळ्याकडे निघाली. गाडी सरळ गेली. जे घडले ते लिहिले. कमी असेल ते भावजींनी पुढे वाढवोन सांगितले आहे, त्यांचेकडे विचारावे.