आधी कोण भांडलं?

आमच्या चौबे कॉलनीतल्या मराठी घरांत कुणाचं साक्षगंध ठरलं की शेजारच्या इंदूताईंना बोलवायचं की नाही यावर हळू आवाजात चर्चा होते. बोलावलं नाही तर बरं दिसत नाही, आणि बोलावलं तर त्या येतात. येतात, पोरीच्या हातात पाकीट देतात, आणि मग नव्या व्याह्यांच्या शेजारी जाऊन बसतात. दोन घास खाऊन झाले की अगदी मायेनं विचारतात, "तुमच्या घरात आधी कोण भांडलं?"

व्याही विहिणीकडं पाहतात. विहीण सावरून घेते, "आमच्यात कोणी भांडत नाही हो, ताई."

"मग फाइल बी नसंन," म्हणून इंदूताई दुसऱ्या पाहुण्याकडं वळतात. त्या घरातला त्यांचा रस तिथंच संपलेला असतो.

इंदूताई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलं नाही. नोकरीत असल्यापासून त्यांना एकच नाद, जुन्या मृत्युपत्रांचे आणि वारसाहक्काचे खटले. कुणाच्या आजोबांचं मृत्युपत्र कोर्टात लागलं होतं, कुणाच्या काकूला हिस्सा मिळाला होता, आणि आता त्या हुकमाची नक्कल हवी आहे पण फाइल सापडत नाही, असं कळलं की त्या आपणहून येतात. लोक देवळात जातात तशा त्या दर गुरुवारी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये जायच्या. पिशवीत पोळीचा डबा आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला. डबा स्वतःसाठी आणि पाला कागदांसाठी, कसर लागू नये म्हणून.

त्यांचा तो भयंकर प्रश्न मात्र वेडेपणाचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. माणूस वडिलांची फाइल शोधायला जातो आणि वडिलांचं नाव सांगतो. "मेलेला माणूस कोर्टात जाते काय?" इंदूताई विचारायच्या. "जो आधी अर्ज लावते, त्याच्या नावानं फाइल बनते. आणि लोक मरणाची तारीख घेऊन फिरून राहिले. फाइलींचा बस्ता बांधतात तो फैसल्याच्या तारखेनं." म्हणजे घरात पहिल्यांदा कोर्टाची पायरी कोण चढलं आणि भांडण कधी मिटलं, या दोन गोष्टी कळल्या की फाइल सापडते. आता या दोनच गोष्टी कुठल्याही घरात कुणी सांगत नाही, त्याला इंदूताई काय करणार?

त्यात नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर एकदम राजधानी झालं. प्रत्येक साहेबाला खोली हवी झाली आणि खोल्या गेल्या त्या कागदांच्या. लाल फडक्यात बांधलेले बस्ते हातठेल्यांवर चढले आणि मागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पडले, वरचे खाली, खालचे वर. इंदूताई त्या दिवशी ठेल्यांच्या मागं छत्री घेऊन चालत होत्या, लेकीच्या पाठवणीला निघाल्यासारख्या. नंतर तिथले बाबूलोकच त्यांना विचारू लागले, "दीदी, ये वाला बस्ता किधर का है?" आणि दीदी फडक्याची गाठ बोटांनी चाचपून सांगायच्या. प्रत्येक जुन्या चपराश्याची गाठ त्यांना ओळखू यायची. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

गल्लीत त्यांची थट्टा व्हायची ती दुसऱ्याच कारणांनी. त्यांच्या घराला दोन दारं. एका भागात त्या राहतात, दुसरा भावाचा. भाऊ भिलाईला असतो आणि येत नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मागचं अंगण एकच, मधोमध पेरूचं झाड. तरी रोज संध्याकाळी इंदूताई दोन्ही ओसऱ्यांवरचे दिवे लावतात. "भुताले अंधारात दिसत नाही काय?" असं माझी बायकोच एकदा म्हणाली होती. आणि एका सकाळी तर त्यांनी गोल बाजारातून गरम जिलेबी आणून अख्ख्या गल्लीत वाटली. कशाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "खा चुपचाप." लोकांनी आपापल्या परीनं पेन्शन वाढवून दिली आणि जिलेबी खाल्ली.

मग त्यांचा प्रश्न आमच्याच घरात आला.

माधवकाका गेल्यापासून माझी काकू तात्यापाऱ्यातल्या घरात एकटी असते. राजधानीचा रस्ता रुंद करायचा म्हणून तिकडं मोजणी निघाली. ज्याच्या हातात कागद, त्याचं नाव मालकांच्या यादीत, बाकीच्यांनी घर सोडायचं. ते घर आजोबांनी मृत्युपत्रात काकांना दिलं होतं आणि कोर्टानं ते मंजूर केलं होतं, पण काकूच्या ट्रंकेतल्या हुकमाची वाळवीनं माती केलेली. नवी नक्कल काढायला मी आजोबांच्या नावानं अर्ज लावला. उत्तर आलं, नहीं मिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. काकू फोनवर विचारायची, "सापडलं काय रे, बेटा?" आणि मी काहीतरी पुटपुटायचो.

शेवटी इंदूताई घरी आल्या. बाबा पेपर वाचत होते. इंदूताईंनी चहा बाजूला ठेवला आणि विचारलं.

"आमच्यात कोणी भांडलं नाही," बाबा म्हणाले. लहानपणापासून मीही हेच ऐकत आलो होतो. माधवकाका कमी बोलायचे, एवढंच.

इंदूताई उठल्या नाहीत. "भाऊ, मोजणीवाले पुढच्या गल्लीत येऊन राहिले. वहिनीचं नाव नाही लागलं तं तिले घर सोडा लागंन. या वयात कुठं जाईन ती?"

बाबांनी पेपरचं पान उलटलं. मग तेच पान परत उलटलं.

"मी," ते म्हणाले. "मी भांडलो. आबा गेले आन् मी वारस म्हणून अर्ज लावला, माधवले न सांगता. त्यानं मग मृत्युपत्र पुढं केलं. मी हरलो."

इंदूताई कुणी पत्ता सांगावा तशी मान हलवत होत्या. "हव. फैसला कधी झाला?"

"साल आठवते. महिना नाही आठवत."

"त्या दिवशी घरी आल्यावर जेवले काय?"

बाबांनी पेपरची घडी घातली. "नाही. आईनं सीताफळं आणून ठेवली होती. दोघांपैकी कोणीच हात नाही लावला. सडली."

"सीताफळं. म्हणजे दिवाळीच्या अलीकडं पलीकडं," इंदूताई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच चहा प्यायल्या.

त्या गुरुवारी मी त्यांच्याबरोबर शेडमध्ये गेलो. डोक्याच्या वरपर्यंत बस्ते. आत हवा नाही, नुसती धूळ. एवढ्या माणसांची मरणं आणि भांडणं एका पत्र्याखाली. इंदूताई पदर खोचून त्यांच्यातून फिरत होत्या, एक गाठ चाचपत, एक सोडत. दुपारी त्यांनी एक बस्ता ओढला, सोडला, आणि त्यातली तिसरी फाइल माझ्या हातात दिली. वर बाबांचं नाव होतं. खाली काकांचं. मला त्या बाईला तिथंच नमस्कार करावासा वाटला आणि मी केलाही. "धूळ लागंन," एवढंच त्या म्हणाल्या.

नक्कल मिळाली तेव्हा बाबा म्हणाले, मीच नेऊन देतो. काकूच्या हातात कागद ठेवून ते म्हणाले, "माधवचं घर आहे. माधवचंच राहीन." काकूनं कागद कपाळाला लावला. मग म्हणाली, "बसा, भावजी. पोहे टाकते." यादीत तिचं नाव लागलं.

परतताना संध्याकाळ झाली होती. इंदूताई भावाच्या ओसरीवरचा दिवा लावत होत्या. बाबा त्यांच्या फाटकाशी थांबले. मला वाटलं आभार मानतील.

"इंदूताई, तुमच्या घरात आधी कोण भांडलं?"

त्या वळल्या नाहीत. "मी," म्हणाल्या. "वडिलांनी सगळं घर त्याले लिहून दिलं होतं. मले राग आला. मी जिंकली बी. कोर्ट म्हणे, अर्धं अर्धं करा आन् अंगणातून भिंत घाला. भाऊ त्याच दिवशी भिलाईले निघून गेला."

"भिंत कुठं आहे?" मी विचारलं.

"हुकमाची नक्कल लावल्याशिवाय भिंत नाही घालता येत. मी काढलीच नाही." त्यांनी पदरानं हात पुसले. "पण त्यानं काढली तं? म्हणून दर गुरुवारी जात होती पाहाले, त्याचा अर्ज आला काय म्हणून. बसल्या बसल्या लोकांच्या फाइली शोधल्या."

"आला होता?"

"नाही. एकदा बी नाही. बारा वर्षं झाली की हुकूम थंडा होते, मग कोणाच्या बापाले भिंत नाही घालता येत. बारा भरली त्या दिवशी जिलेबी वाटली तुम्हाले."

बाबांनी विचारलं, "त्याले पाठवली?"

"पाठवली ना. भिलाईले रोज जाणाऱ्या एकाजवळ डबा दिला."

"मग?"

"डबा परत आला."

"रिकामा?"

इंदूताईंनी आमच्याकडं असं पाहिलं, जसं शाळेत बेरीज चुकणाऱ्या पोरीकडं पाहत असतील. "आपल्यात रिकामा डबा परत धाडतात काय? चिमूटभर साखर होती आत," त्या म्हणाल्या, आणि आपल्या ओसरीचा दिवा लावायला गेल्या.