सफरचंदाचं बटण

टिकलीचा हात सफरचंदाकडे गेला रे गेला, की तिची आई हातातलं काम टाकून केळं घेऊन धावत सुटायची. गेला आठवडाभर घरात हेच चाललं होतं. पोरीच्या पोटात केळ्याला जागा उरली नव्हती आणि आईच्या पायांत त्राण.

सफरचंद खरं नव्हतं. ते एका डब्याच्या बटणावरचं चित्र होतं.

टिकली सात वर्षांची. चाकाच्या खुर्चीत बसायची, मान जराशी डावीकडे कललेली, डोळे मात्र घरभर भिरभिरते. सगळं समजायचं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर अशा मुलांच्या आईवडिलांसाठी एक मदत आणि माहिती केंद्र होतं. तिथल्या मॅडमनी महिनाभरासाठी हा बोलका डबा दिला होता. आठ बटणं, प्रत्येकावर चित्र. पेला दाबला की डबा पाणी मागायचा, सफरचंद दाबलं की भूक लागल्याचं सांगायचा, फुली दाबली की ‘नको’ म्हणायचा.

“महिन्यानं मी घरी येऊन बघेन,” मॅडम म्हणाल्या होत्या. “ती समजून वापरत असेल तर डबा तिचाच. नसेल तर दुसऱ्या मुलाला द्यावा लागेल. मागणारे खूप आहेत हो.”

डब्यातला आवाज आधीच्या मुलाच्या आजोबांनी भरला होता. हे आजोबा शाळेत कवायत शिकवत असावेत. नाजूक टिकलीनं पहिल्यांदा पेला दाबला तेव्हा “पाणी!” अशी गर्जना झाली आणि पेपर वाचत बसलेले तिचे बाबा ताडकन उठून उभे राहिले.

म्हणून आईनं ठरवलं, आपण आपल्या गोड आवाजात पुन्हा भरू या. डब्याच्या मागचं लाल बटण दाबून धरायचं, हवं ते चित्र दाबायचं आणि बोलायचं. सोपं होतं. सफरचंदापासून सुरुवात करायची म्हणून तिनं लाल बटण दाबलं, घसा साफ केला, आणि नेमका त्याच वेळी नवरा दारात उभा राहिला.

“अगं, चमचे कुठे गेले सगळे?”

“मला काय विचारतोस? तुझ्या बहिणीला विचार!” आई उसळून म्हणाली. “आत्या जाणार तरी कधी आहेत? माझ्याच स्वयंपाकघरात मी पाहुणी झालेय!”

आत्या म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या, त्याला दोन महिने होऊन गेले होते. बाई मायाळू होत्या, पण त्यांना रिकामं बसवत नसे. आल्यापासून त्यांनी घरातलं प्रत्येक कपाट तीनदा लावलं होतं. दिवसभर टिकलीच्या खुर्चीशेजारी बसून त्या जे करतील ते तिला सांगत असत. “आता मी ही उशी इथे ठेवते हं टिकले. नाही, इथे नको, तिथे बरी दिसते.”

बोलता बोलता रागाच्या भरात आईचं एक बोट सफरचंदावर पडलं आणि लाल बटणावरचं बोट जरा जास्तच जोरात दाबलं गेलं. लाल बटण आत गेलं ते गेलंच, आता नवं काही भरता येईना. आणि सफरचंद दाबून बघितलं, तर डबा तिच्याच आवाजात खणखणीत म्हणाला, “तुझ्या बहिणीला विचार! आत्या जाणार तरी कधी आहेत? माझ्याच स्वयंपाकघरात मी पाहुणी झालेय!”

आईनं घाईघाईनं डब्यावर उशी दाबली. नशीब, आत्या तेव्हा अंघोळीला गेल्या होत्या.

“आण इकडे, मी काढतो,” म्हणत नवऱ्यानं केसांची पिन घेऊन बराच वेळ डबा कोचला. लाल बटण हललं नाही, पण शेजारची आवाज कमीजास्त करायची चकती तुटली. आता डबा शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असा बोलू लागला.

“केंद्रात फोन कर,” नवरा म्हणाला.

“आणि काय सांगू? मोडला म्हणून? परत घेऊन जातील! शिवाय ‘त्यात काय भरलंय’ असं विचारलं तर?”

फोन राहिला. त्याऐवजी आईनं दुसरा मार्ग काढला. पोरीला भूकच लागली नाही तर ती सफरचंद कशाला दाबेल? झालं, केळ्यांचा रतीब सुरू झाला. पण टिकलीला काही दिवसांतच उमगलं, की सफरचंदाच्या दिशेनं नुसतं बोट केलं तरी आई कुठूनही उडी मारून येते. यापेक्षा मोठी गंमत तिच्या आयुष्यात आजवर झाली नव्हती. भूक असो नसो, दर पंधरा मिनिटांनी तिचा हात तिकडे जायचा. शेवटी आईनं सफरचंदावर जाड चिकटपट्टीचे तीन थर लावले.

मॅडम यायच्या दिवशी आई पहाटेच उठली. तिनं टिकलीला दूध दिलं, पाव दिला, वर दोन केळी कोंबली आणि मग आत्यांकडे वळली.

“आत्या, जरा औषधाच्या दुकानात जाऊन येता का?”

“आत्ता? मॅडम येणार आणि मी बाहेर? बरं दिसतं का ते?”

“माझं डोकं फार चढलंय हो,” आई म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं.

आत्या पिशवी घेऊन कुरकुरत गेल्या. त्यांच्या पाठोपाठ मॅडम आल्या. खुर्ची ओढून त्यांनी डबा टिकलीच्या पुढ्यात ठेवला आणि पाण्याचा पेला दाखवला. टिकलीनं तोंड फिरवलं. तिचं दूध अजून नरड्याशीच होतं. मॅडमनी गाणं लावू का विचारलं, बाहेर जायचं का विचारलं. टिकली एकटक चिकटपट्टीकडे बघत होती.

“हे काय लावलंय?”

“ते बटण… बिघडलंय जरा.”

“पण ती त्याच्याकडेच बघतेय,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून बिस्किट काढून टिकलीसमोर धरलं, थोडा वेळ थांबल्या, मग हळूच खाली ठेवलं. त्यांचा आवाज मऊ झाला, आणि त्यावरूनच आई काय ते समजली. “हे बघा, वाईट वाटून घेऊ नका. कधीकधी मूल अजून तयार नसतं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. तोपर्यंत डबा…”

“दुकान बंद!” दारातून आत्या गरजल्या. पिशवी खुंटीला लावून त्या थेट टिकलीच्या शेजारी येऊन बसल्या. “काय म्हणतेय आमची पोर?”

आईनं आत्यांकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. मॅडमचा हात डबा उचलायला पुढे झाला होता. आत्या रागावतील, रडतील, भावाशी बोलणं टाकतील, नातेवाइकांत कायमची शोभा होईल. होऊ दे. तिनं डोळे मिटले आणि चिकटपट्टी खर्रकन ओढून काढली.

टिकलीचा हात हवेत डुलत डुलत पुढे गेला. आठवडाभर हुकलेलं बटण तिनं तळव्यानं दाबलं.

“तुझ्या बहिणीला विचार! आत्या जाणार तरी कधी आहेत? माझ्याच स्वयंपाकघरात मी पाहुणी झालेय!”

आत्यांचं तोंड उघडं राहिलं. आईला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. टिकलीचा हात मात्र थांबला नव्हता. तो सरकत सरकत फुलीवर गेला.

“नको!” कवायतीच्या आजोबांनी फर्मान काढलं.

मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “थांबा, थांबा! टिकली, पुन्हा सांग.” त्यांनी बिस्किट तिच्यासमोर नाचवलं.

पुन्हा सफरचंद. पुन्हा आत्या कधी जाणार आहेत. पुन्हा “नको!”

“अहो, दोन बटणं जोडली तिनं! सफरचंद आणि नको. भूक नाहीये मला, असं सांगतेय ती!” मॅडमचे डोळे चमकले. “हे वाक्य आहे! डबा इथेच राहणार.”

“पण… ते जे बोलतं…” आई पुटपुटली.

“ते काय बोलतं त्याच्याशी मला कर्तव्य नाही. माझ्या लेखी ते सफरचंद आहे.” मॅडमनी डबा उलटा करून दोन्ही अंगठ्यांनी कडा दाबल्या. लाल बटण टक् करून वर आलं. “हे सगळ्यांचंच अडकतं. एक फोन केला असतात तर दोन मिनिटांत सांगितलं असतं. आम्ही तिथे बसलोय कशाला?”

मॅडम गेल्या. आत्या उठून आतल्या खोलीत गेल्या, आणि तिथून बॅग ओढल्याचा आवाज आला. आई दाराशी जाऊन उभी राहिली.

“आत्या, माझं चुकलं. मी तसं बोलायला…”

“हे रविवारचं तिकीट,” आत्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “आज चहाच्या वेळी सांगणार होते. बॅग कालच भरून झालीय.” त्यांनी बॅगेतून साडी काढली, झटकली आणि कपाटात ठेवली. मग दुसरी. “तुझं काही मनावर घेत नाही मी. तू विचारलंस, जाणार कधी. तिनं सांगितलं, नको. एकदा नाही, दोनदा! पोर जन्मात पहिल्यांदा अख्खं वाक्य बोलली, ते माझ्यासाठी. आता मी जाऊ? कुठल्या तोंडानं जाऊ?”

पोरीच्या पोटात सकाळपासून दोन केळी, पाव आणि पेलाभर दूध आहे, हे आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं वळून पाहिलं. टिकली दारातून रिकाम्या होत चाललेल्या बॅगेकडे बघत होती आणि खुर्ची हलेल इतकी हसत होती. कशाला हसत होती, ते तिचं तिलाच ठाऊक. आईनं शब्द गिळले.

तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसातून नवरा होता.

“काय झालं गं? डबा?”

“राहिला.”

“वा! आणि आत्या?”

आईनं खोल श्वास घेतला.

“त्यासुद्धा राहिल्या.”