उजवीकडे निघून गेलेला ‘नाही’

मुलांनो, मांडी घालून बसा. हातातले मोबाइल खाली ठेवा. पालथे ठेवा.

एका जंगलात वीज आली होती, वायरीतून इंटरनेट आलं होतं आणि पाणवठ्यापाशी एक मोठा पडदाही लागला होता. म्हणजे जंगल चांगलंच सुधारलं होतं. पाणी तेवढं दर वैशाखात आटत होतं.

पाणी थोडं आणि पिणारे फार, म्हणून कुणी कधी प्यायचं याच्या वेळा ठरवून दिल्या होत्या. त्या पडद्यावर लिहिण्याचं काम सगुणा भेकर करायची. भेकर म्हणजे लहानखुरं हरीण. धोका दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं. सगुणा मात्र सहसा भुंकत नसे. ती सगळं नीट लिहायची, त्यामुळे भुंकायची वेळच येत नसे.

तिचा संगणक लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा, कारण लिनक्स फुकट मिळतं आणि फुकटाला जंगलातही मान असतो. लिहायला ‘सुलेखन’ नावाचा एडिटर होता. तो बगळ्यांच्या एका मंडळाने बनवला होता. त्यात लिहिलेलं एका वेगळ्या वायरीने थेट पडद्यावर उमटायचं.

एके दिवशी सगुणाने संगणक उघडला आणि ती बघतच राहिली. सगळे झोपेत असताना इंटरनेटच्या वायरीतून सुलेखनची नवी आवृत्ती येऊन बसली होती. वरची मेन्यूची पट्टी गेली होती. ओळींचे आकडे गेले होते. चुकलेलं मागे घ्यायचं बटण गेलं होतं. उरला होता नुसता पांढरा शुभ्र पडदा.

“काही हरकत नाही,” सगुणा स्वतःशी म्हणाली. “लिहिता येतंय ना? मग झालं.”

तिने नेहमीची ओळ लिहिली : ‘सकाळी हरणे पाणी पीत असतील तेव्हा वाघांनी पाणवठ्यावर यायचे नाही.’

पूर्वी ओळ लांबली की आपोआप मोडून खाली यायची. आता ती मोडेना. ती सरळ उजवीकडे चालत गेली आणि शेवटचा शब्द पडद्याच्या बाहेर पडला.

सगुणाच्या ते लक्षात आलं नाही. वाघाच्या मात्र आलं.

त्या जंगलातला वाघ कायद्याने चालणारा होता. सकाळी पडदा वाचून तो लगबगीने पाणवठ्यावर आला. हरणं पाणी पीत होती. सगुणाही पीत होती. तिने मान वर केली आणि आयुष्यात भुंकली नव्हती इतकी भुंकली. सगळे जीव घेऊन पळाले. एका म्हाताऱ्या रानडुकराला पळणं जमलं नाही. त्याचा एक कान गेला.

“वाघोबा, ही काय रीत झाली?” झुडपाआडून सगुणाने विचारलं.

“मला कशाला बोलतेस?” वाघ म्हणाला. “तूच लिहिलंस, सकाळी हरणं पाणी पीत असतील तेव्हा वाघांनी यायचे. नाहीतर मी इतक्या लवकर उठतो का कधी?”

सगुणाने पडदा पाहिला. ‘नाही’ दिसत नव्हता.

ती तडक तळ्यावर धवलपंतांकडे गेली. धवलपंत म्हणजे मंडळाचे मुख्य बगळे. ते एका पायावर उभे राहून नव्या आवृत्तीचा विचार करत होते.

“पंत, ओळ मोडायची सोय कुठे गेली?”

“कुठेही गेली नाही, सगुणाबाई. ती आता आपणहून मिळत नाही, इतकंच. आम्ही सुलेखन निर्गुण निराकार केला आहे. कसा वाटला?”

“डुकराचा कान गेला.”

“सुरुवातीला सवय व्हायला वेळ लागतो,” पंत म्हणाले आणि त्यांनी पाय बदलला.

“मग ती सोय परत कशी आणायची?”

“अगदी सोपं आहे. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.”

एवढं बोलून पंतांनी डोळे मिटले. पायाशी मासे आले होते.

सगुणा वडाखाली गेली. तिथे कावळ्यांचा कट्टा होता आणि कुठल्याही प्रश्नाला उत्तर मिळेल अशी त्याची ख्याती होती. तिने आपली अडचण सांगितली.

“हा प्रश्न मागे एका सशाने विचारला होता,” पहिला कावळा म्हणाला.

“मग त्याला काय उत्तर मिळालं?”

“ससा पुन्हा आलाच नाही.”

दुसरा म्हणाला, “एडिटरच बदल. मी तर केव्हाच बदलला.” यावर तिसरा त्याच्या अंगावर धावून गेला, कारण दुसऱ्याने बदलून घेतलेला एडिटर तिसऱ्याने टाकून दिलेला होता. मग सगळा वड काव काव करू लागला. सगुणा तशीच उभी राहिली. उद्या सकाळी कुणाचा कान जाईल, याचाच विचार तिच्या मनात चालला होता.

शेवटी एक म्हातारा कावळा खालच्या फांदीवर आला. “बाई, काढलेल्या सगळ्या सोयी प्लगिनच्या, म्हणजे वरून जोडायच्या तुकड्यांच्या, एका जुडीत बांधून ठेवल्यात. संगणकाला हुकूम लिहायची काळी खिडकी उघड, मी सांगतो ती ओळ लिही, जुडी उतरव. मग एकेका सोयीपुढे टिचकी मार.”

“हे पंतांनी का नाही सांगितलं?”

“सांगितलं तर लोक ते करतात,” कावळा म्हणाला.

सगुणा धावत घरी आली. तिने काळी खिडकी उघडली आणि खुराने एकेक अक्षर दाबून ती ओळ लिहिली. संगणकाने पासवर्ड मागितला. ती टाइप करू लागली, पण काहीच उमटेना. काळ्या खिडकीत पासवर्ड कधीच दिसत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं; पंतांनी पासवर्डही निराकार केला की काय, असं तिला वाटलं. तरी तिने नेटाने तो पुरा केला. जुडी उतरली. तिने टिचकी मारली. लांब गेलेली ओळ मोडली आणि ‘नाही’ हळूच खालच्या ओळीत येऊन बसला. सगुणाला रडू आलं.

सकाळी वाघ आला. त्याने पडदा दोनदा वाचला. “हा शब्द कालच्यात नव्हता.”

“होता. दिसत नव्हता.”

“मला कालचंच बरं वाटलं,” वाघ म्हणाला. पण कायदा तो कायदा. तो परत फिरला आणि हरणं पोटभर पाणी प्यायली.

जंगलभर बोभाटा झाला. पंतांच्याही कानावर गेला. लगेच आणखी एक आवृत्ती निघाली आणि तिच्यात एक अभूतपूर्व शोध होता : ‘प्रवाही ओळ’. लांबली की आपोआप खाली येणारी. पंतांचा सत्कार ठरला. शाल वाघाच्या हस्ते आणि हार सगुणाच्या.

सगुणाने हार घातला. पंत गहिवरले. “पुढच्या वेळी,” ते तिच्या कानात म्हणाले, “शब्दांमधल्या मोकळ्या जागा काढणार आहे. उगीच जागा अडवतात.”

“छान दिसेल,” सगुणा म्हणाली.

मग ती घरी आली. संगणकामागे गेली. जंगलातून येणारी इंटरनेटची वायर तिने तोंडात धरली आणि कोवळ्या फांदीसारखी सावकाश चावून तोडली.

पंत अजून नव्या आवृत्त्या काढतात. पाणवठ्यावर अजून सगळे वेळेवर पाणी पितात. दोन्ही बाजू समाधानी आहेत.

तात्पर्य : मुलांनो, सुधारणेला विरोध करू नये. तिचं स्वागत करावं, तिला हार घालावा आणि घरी येऊन वायर तोडावी.